बारा सेकंद उशिरा आलेला सूर्य

बारा फेब्रुवारीच्या दुपारी, फेरारा शहरातल्या सान्ता फोस्का चर्चमध्ये, सूर्य बारा सेकंद उशिरा आला.

ही नोंद माझी नव्हे, कप्तान तिन्दारो कुचिनोत्ता यांची. दक्षिणेतल्या मेस्सीनाच्या बंदरातून आयुष्यभर मालवाहू जहाजे नेल्यानंतर निवृत्त झालेले हे गृहस्थ आता एकटेच इटलीभर फिरतात, आणि ज्या शहरात चर्चच्या फरशीवर मध्यान्हरेषा आहे तिथेच मुक्काम करतात. फेरारात उतरल्यावर त्यांनी किल्ला पाहिला नाही, चित्रे पाहिली नाहीत. माझा पत्ता शोधून काढला, दार वाजवले आणि विचारले, "सिन्योरा, तुमची रेषा उघडी असते का?"

सान्ता फोस्काच्या कमानदार छताला, कौलांत उन्हासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेखाली, बारा मीटर उंचीवर एक भोक आहे. त्यातून पडणारा सूर्याचा लंबगोल ठिपका दुपारी फरशीत बसवलेली पितळी पट्टी ओलांडतो. ठिपक्याची पहिली कड पट्टीला टेकते ती वेळ आणि शेवटची कड सुटते ती वेळ, या दोहोंचा मध्य म्हणजे मध्यान्ह. तो कधी यायला हवा हे गणिताने आधीच सांगता येते. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असे आणि प्रत्येक तुकडीकडून ते गणित करून घेत असे. चर्चमध्ये माझे दुसरे कोणतेही काम नसे. आता शिकवत नाही, पण मोजण्याची सवय राहिली आहे. गेल्या ऑक्टोबरात मी मोजले तेव्हा गणित आणि सूर्य यांच्यात एका सेकंदाचाही फरक नव्हता.

"चुकलं कोण?" कप्तानांनी विचारले. त्यांच्या हातातले घड्याळ माझ्या घड्याळाशी तंतोतंत जुळत होते. गणित आम्ही दोघांनी वेगवेगळे केले होते आणि उत्तर एकच आले होते.

"सूर्य तर नक्कीच नाही," मी म्हणाले.

चर्चची देखभाल करणारा लेआर्को फरशी पुसत होता. तो हसला. "कप्तान, दक्षिणेत बारा सेकंदांना उशीर म्हणतात होय? तुमच्याकडे तर गाडी दोन तासांनी आली तरी लवकर आली म्हणून टाळ्या वाजवतात."

"आमच्याकडे गाडी उशिरा येते, दादा. सूर्य वेळेवर येतो."

मला हसू आले नाही. बारा सेकंद म्हणजे फरशीवर एक बोटभर अंतर. घड्याळ बरोबर, गणित बरोबर, म्हणजे एकतर फरशी सरकली होती किंवा छतातले भोक. तीन आठवड्यांपूर्वी, जानेवारीत, आमच्या कपाटातल्या कपबश्या थोडा वेळ किणकिणल्या होत्या. शहरात कोणीही त्याची फारशी वाच्यता केली नाही. मोठ्या भूकंपापासून इथल्या माणसांनी छोट्या धक्क्यांविषयी न बोलण्याचे ठरवून टाकले आहे.

त्या मोठ्या भूकंपानंतर सान्ता फोस्का नऊ वर्षे बंद होते. गेल्या शरदात ते उघडले, आणि उघडताना बिशपच्या कचेरीने स्पष्ट बजावले होते की पुन्हा एकदा जरी शंका आली तरी चर्च कायमचे बंद होईल आणि इथली माणसे शेजारच्या चर्चला जोडली जातील. दुसऱ्या दिवशी, तेरा तारखेला, संत फोस्काचा उत्सव होता. त्या संध्याकाळी पाच वाजता पूर्वसंध्येची प्रार्थना होती. तीनशे माणसे नेमकी त्या छताखाली बसणार होती.

"लेआर्को," मी म्हणाले, "वर जाऊन भोकातून ओळंबा सोड."

"आत्ता? बाई, मला अजून खुर्च्या मांडायच्यात."

"आत्ता. आणि मला सांग, वर काही बदललंय का?"

"काय बदलणार? सगळं तिथल्या तिथे आहे."

भोकाच्या बरोबर खाली, संगमरवरात, रेषा आखणाऱ्याने एक लहानशी फुली कोरून ठेवली आहे. लेआर्कोने भोकात घट्ट बसणाऱ्या बुचाच्या मधोमध ओवलेली दोरी भोकातून खाली सोडली. शिशाचा गोळा झुलू लागला. तो लवकर शांत व्हावा म्हणून कप्तानांनी फरशी पुसण्याची बादली त्याच्याखाली सरकवली आणि गोळा पाण्यात बुडू दिला. आम्ही दोघे गुडघ्यांवर बसून वाट पाहत राहिलो. दोरी स्थिर झाली. मग बादली अलगद बाजूला घेऊन आम्ही गोळ्याचे टोक पाहिले.

ते फुलीच्या पश्चिमेला एक बोटभर होते.

 कप्तानांनी वर पाहिले, मग उठून मला हाताला धरून बाजूच्या भिंतीपाशी नेले. छताखालून दूर. मला त्यांचा राग आला नाही.

डॉन ओत्तोरीनो, आमचे धर्मगुरू, तेव्हा मेणबत्त्यांची खोकी घेऊन आत येत होते. वय अठ्ठ्याहत्तर. बंद चर्चच्या नऊ वर्षांत त्यांनी एका गॅरेजमध्ये प्रार्थना चालवली होती, तेलाच्या डागांवर सतरंज्या टाकून. मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी खोकी हळूच खाली ठेवली.

"एदगार्दा, तू या दारातून देवासाठी एकदाही आत आली नाहीस. सूर्यासाठी येतेस. आणि आता सूर्य म्हणतो, दार बंद करा?"

"सूर्य काही म्हणत नाही. छत एक बोट सरकलं असावं असं दिसतंय."

"असावं? की सरकलंय?"

"दोन वेगवेगळ्या मापांनी उत्तर एकच येतंय."

"एक बोट म्हणजे किती मोठी गोष्ट?"

"कमानीसाठी फार मोठी. माणूस एक बोट सरकला तर कळतही नाही. कमान सरकली तर ती नंतर काय करील ते मला सांगता येणार नाही."

लेआर्को एव्हाना खाली आला होता. तो तावातावाने म्हणाला, "मग काचा का नाही फुटल्या? काचा बघा ना बाई!"

त्याचे म्हणणे रास्त होते. भूकंपानंतर प्रत्येक तड्यावर अभियंत्यांनी काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या आहेत. तडा केसभर जरी रुंदावला तरी काच तुटते. आम्ही बॅटरी घेऊन एकेक पट्टी पाहिली. कप्तानांनी उंचावरच्या पट्ट्या आपल्या दुर्बिणीने तपासल्या. एकही तुटलेली नव्हती.

"झालं तर!" लेआर्को म्हणाला.

"काही झालेलं नाही. काचा जुन्या तड्यांवर आहेत. नवा तडा काचा शोधून पडत नाही."

"तुम्ही मला भौतिकशास्त्रात दोनदा नापास केलंत," तो म्हणाला, "तेव्हासुद्धा असंच. उत्तर बरोबर असलं तरी म्हणायच्यात, कारण सांग."

डॉन ओत्तोरीनो खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. "बिशपच्या कचेरीला कळवलं, तर ते आज कुलूप लावतील आणि ते कुलूप पुन्हा निघणार नाही. न कळवता लोकांना आत घेतलं, तर…" त्यांनी वाक्य अर्धवट सोडले. "मला पाच वाजेपर्यंत एका शब्दात उत्तर दे. हो किंवा नाही. तू नाही म्हणालीस तर दार मी स्वतः लावीन."

"आणि मी हो म्हणाले आणि चुकले तर?"

"तर मीही आत असेन," ते म्हणाले.  

मी सांगितले की तोवर घंटा वाजवायची नाही. मोठ्या घंटेचा हादरा भिंतींना जाणवतो. लेआर्कोचा चेहरा पडला. उत्सवाची पहिली घंटा चारला वाजते आणि ती ऐकून आसपासच्या गल्ल्यांतली म्हातारी माणसे सायकली बाहेर काढतात. चार वाजले. घंटा वाजली नाही. थोड्याच वेळात माणसे नेहमीपेक्षा लवकर जमू लागली, घंटा का वाजली नाही हे विचारायला. दारापाशी डॉन ओत्तोरीनो उभे राहून सांगत होते की थांबा, जरा काम चाललंय. बाहेर थंडी होती आणि कोणीतरी म्हणत होते, "फादर, संत फोस्का आत उबेला आणि आम्ही बाहेर गारठ्यात, हा कुठला न्याय?"

मी आणि लेआर्को वर निघालो. कप्तान खाली फुलीपाशी थांबले. त्यांना मी सांगितले की छताखाली उभे राहू नका. ते म्हणाले, "सिन्योरा, कोणीतरी फुलीकडे बघायला हवंच," आणि तिथेच बसले.

चर्चच्या छताच्या वर, कौलांच्या खाली, एक अंधारी पोकळी आहे. कमानींच्या पाठी तिथे उपड्या घातलेल्या होड्यांसारख्या दिसतात. त्यांच्यावरून एक अरुंद फळी टाकलेली आहे. लेआर्को पुढे झाला तेव्हा मी त्याला थांबवले. दोघांचे वजन एका वेळी नको. तो पोकळीच्या दारातच उभा राहिला. मी बॅटरी पुढे धरून एकटी फळीवर चढले. प्रत्येक पावलाला फळी वाकत होती, आणि फळीखालच्या विटांचा आवाज मी पायांनी ऐकत होते. खालच्या माणसांचे बोलणे, खोकणे, एका सायकलची घंटी, सगळे भोकातून वर येत होते. छत जर खरोखर सरकले असेल तर त्याला सर्वांत धोकादायक जागी घातलेला भार त्या क्षणी मीच होते.

जिथे कमान भिंतीला टेकते तिथे मी बॅटरी धरली. छत पश्चिमेकडे सरकले असते तर पूर्वेच्या बाजूला चुन्यात फट दिसायला हवी होती. फट नव्हती. कमानीपासून भिंतीपर्यंत कोळ्यांची जुनी जाळी ताणलेली होती, धुळीने जड झालेली, काळपट. ती कित्येक वर्षांची असणार. एकाचाही धागा तुटलेला नव्हता. मी दुसरी बाजू पाहिली. तिथेही तसेच. दोन भिंतींना बांधून ठेवणाऱ्या लोखंडी सळईवर धुळीचा थर होता आणि त्यात एकही रेघ उमटलेली नव्हती.

मी फळीवर बसले. काचा म्हणतात छत हलले नाही. जाळी म्हणतात छत हलले नाही. सूर्य आणि ओळंबा म्हणतात भोक हलले. चारही साक्षीदार खरे असतील तर एकच शक्यता उरते: छत न हलता भोक हलले आहे.

मी भोकाकडे सरकले. विटांत एक दगडी कडे बसवलेले आहे आणि त्यावर एक तांब्याची गोल चकती, दोन स्क्रूंनी आवळलेली. भोक चकतीत आहे. चकती बॅटरीच्या उजेडात आरशासारखी चमकली. त्या पोकळीत चमकणारी दुसरी कोणतीही वस्तू नव्हती.

"लेआर्को, ही कोणी घासली?"

"नोर्माने," तो दारातून म्हणाला. नोर्मा त्याची बायको. "व्हिनेगर, मीठ आणि पीठ लावून. उत्सवाआधी चर्चमधली सगळी तांब्यापितळेची भांडी घासायची पद्धतच आहे बाई. नऊ वर्षं राहिलं होतं."

"हे भांडं आहे?"

"तांब्याचं तर आहे."

"मी दुपारी विचारलं होतं, वर काही बदललंय का."

"मग? बदललं कुठे? तीच चकती, तेच स्क्रू. फक्त स्वच्छ." मग थोडे थांबून, हलक्या आवाजात, "का? काही चुकलं?"

मी पट्टी लावून मोजले. भोक चकतीच्या मध्यात नव्हते. ते पश्चिमेकडे अर्धे बोट सरकलेले होते. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. आता छताची भीती नव्हती, म्हणून मी लेआर्कोला फळीवर बोलावून स्क्रू काढायला सांगितले, चकती अर्धा फेरा फिरवली आणि पुन्हा आवळायला लावली. एक स्क्रू त्याच्या हातून दोनदा पडला. मग आम्ही ओळंबा सोडला.

खाली बादली सरकल्याचा आवाज आला. गोळा स्थिर होईपर्यंत आम्ही थांबलो. 

"फुलीवर!" कप्तान ओरडले. "बरोबर मधोमध!"

"पुन्हा बघा!"

"दोनदा बघितलं, सिन्योरा! फुलीवर!"

मी भोकाला तोंड लावून डॉन ओत्तोरीनोंना सांगितले, "हो." लेआर्को तोवर घंटेच्या जिन्यावर पोचलाही होता.

कारण असे. रेषा आखणाऱ्याने छतातले दगडी कडे बसवले तेव्हा ते फुलीच्या बरोबर वर न येता अर्धे बोट पश्चिमेला बसले. दगड पुन्हा फोडण्याऐवजी त्याने चकतीतले भोक मध्यापासून अर्धे बोट पूर्वेला पाडले, आणि चूक भरून निघाली. चकतीला दोनच स्क्रू आहेत, समोरासमोर, म्हणून ती दोनच प्रकारे बसू शकते: सरळ, किंवा अर्धा फेरा फिरवून. आधीचा देखभाल करणारा, वानेस, ती दर वर्षी काढून घासत असे आणि काठावरचा एक बारीक पोचा वेदीकडे येईल अशी परत बसवत असे. हे अनुमान आहे, कारण वानेस चर्च बंद असताना वारला आणि त्याने हे कोणालाही सांगितले नव्हते. बाकी सारे मोजलेले आहे. यंदा उत्सवासाठी नोर्माने चकती घासली आणि लेआर्कोने ती उलटी बसवली. अर्धे बोट पूर्वेला असलेले भोक अर्धे बोट पश्चिमेला गेले. मिळून एक बोट, म्हणजे बारा सेकंद.