टेपचं दुसरं टोक

टप्प!

एवढाच आवाज झाला. शिवणाच्या मशीनचा दोरा संपल्यामुळे ते थांबलेलं, कापड उडतं म्हणून पंखा बंद, मुलगी चिमी शाळेत आणि नवरा दूरच्या शहरात कामावर. त्या शांत घरात तिच्या ड्रेसचं पोटावरचं बटण तुटलं, फरशीवर आपटलं आणि घरंगळत मशीनखाली जाऊन बसलं.

ती वाकली. हात पोचेना. मध्ये पोट येत होतं.

"घ्या! जगाची बटणं लावणारीचंच बटण पळालं!" ती मोठ्यांदा म्हणाली आणि स्वतःच हसली. ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळे हसू लवकर संपलं. काजापाशी तिने टाचणी खोचली आणि पुन्हा मशीनवर बसली.

तिला सगळे शिवणवाल्या ताई म्हणत. शाळेचे गणवेश, पँटच्या दुमडी, ड्रेस आत घेणं, बाहेर सोडणं, हे तिचं काम. गावभरच्या अंगाची मापं तिच्या गळ्यातल्या टेपने घेतलेली. कोणाचा एक खांदा उतरता आहे, कोण माप देताना श्वास रोखून पोट आत घेतो, सगळं तिला पाठ. स्वतःचं माप मात्र तिने कधी घेतलं नव्हतं. शिवणकामात म्हणतात, स्वतःचं माप स्वतः घेऊ नये. हात वर केला की पाठ ओढली जाते, मान वाकवली की टेप घसरते. टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं. म्हणून ती जुना ड्रेस कापडावर पसरायची, खडूने कड आखायची आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं वाढवून कातर चालवायची. दरवर्षी दोन बोटं! वाढणारच, हे धरूनच चाललेलं.

त्याच आठवड्यात गणवेशांचं गाठोडं घेऊन जिना चढताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. कठडा धरून ती पायरीवरच बसली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं.

"रक्तात चरबी फार वाढलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ट्रायग्लिसराइड्स म्हणतात ते. आणि जे चांगलं कोलेस्टेरॉल जास्त हवं, ते कमी आहे. घरात कुणाला हृदयाचा त्रास?"

"आईला होता. मशीनवर बसल्या बसल्याच गेली."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. तिला मात्र आई आठवली नाही. तिला आठवलं शाळेचं फाटक. शाळा सुटते, पोरं भराभर पांगतात आणि चिमी दप्तर सांभाळत एकटीच उभी आहे. मला काही झालं, तर त्या फाटकाशी कोण जाऊन उभं राहील?

"रोज चालायचं," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "रमतगमत नाही, झपाझप. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये, एवढा वेग. तळकट आणि गोड कमी. तीन-चार महिन्यांनी पुन्हा रक्त बघू."

चालणं! सांगायला किती सोपं!

आधी तिने घरातच सुरुवात केली. चिमीच्या दोरीवर दोघी मायलेकी उड्या मारायला लागल्या. चिमी खिदळत होती, तीही. तेवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या काकू कंबरेवर हात ठेवून उभ्या.

"अगं बाई, तू आहेस होय! मला वाटलं भूकंप झाला! हळू हो माझे आई, आमचं छत आहे ते!"

काकू हसल्या, म्हणून तीही हसली. जाड माणसाला हे फार लवकर शिकावं लागतं, समोरच्याच्या आधी आपण हसायचं. दार लागल्यावर तिने दोरी गुंडाळून खुंटीवर टांगली.

"आई, आता उड्या?" चिमीने विचारलं.

"आता नाही गं राणी. काकूंचा दिवा थरथरतो."

मग चिमीला शाळेत सोडलं की ती सरळ घरी यायचं सोडून पाण्याच्या टाकीला वळसा घालायला लागली. टाकीमागचा रस्ता तसा मोकळा होता, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला झाडं. पण वळणावरच्या बाकावर तीन-चार टवाळ बसलेले असायचे.

"बाजूला व्हा रे, टँकर आला!"

दुसऱ्या दिवशी तिने कानात इअरफोन घातले. त्यांत काहीच वाजत नव्हतं. वायरचं टोक नुसतं खिशात सोडलेलं. आपल्याला ऐकू आलं नाही असं त्यांना वाटावं, एवढ्यासाठीच ते होते.

आणि बोलता येतंय का, हे बघायचं कसं? बोलायला बरोबर कुणी हवं ना! ती गिऱ्हाइकांची मापं म्हणायची. "मास्तरांची बाही एकवीस... मेडिकलवाल्याची कंबर अडतीस, सांगतो छत्तीस..." धाप लागली की वेग कमी करायचा, मापं सुरळीत आली की वाढवायचा. समोरून कुणी आलं की गप्प.

नवऱ्याचा फोन रोज संध्याकाळी यायचा. माणूस वाईट नव्हता. मुलीचा अभ्यास विचारायचा, गॅस संपला का विचारायचा, आणि शेवटी, "काय, काटा हलला का?"

मेडिकलच्या दुकानाबाहेर वजनाचं मशीन होतं. दर रविवारी ती त्यावर उभी राहायची. काटा जिथल्या तिथे. एखाद्या रविवारी जरासा खाली, पुढच्या रविवारी परत वर.

"नाही हलला," ती सांगायची.

"मग कशाला उगाच पाय झिजवतेस? तुमची हाडंच जड. तुझी आईपण तशीच होती ना!"

आई तशीच होती. आणि गेली कशी, ते तो विसरला होता. तिने आठवण करून दिली नाही. चिमी शेजारीच चित्र रंगवत होती.

असे महिने गेले. एका रविवारी काटा परत वर दिसला आणि तिचा धीरच सुटला. घरी येऊन तिने चालायचे बूट धुतले, वाळवले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवून दिले. रक्त तपासायची वेळ झाली होती, तिकडेही ती फिरकली नाही. काटा जे सांगतो तेच रक्त सांगणार. पुन्हा ऐकायचं कशाला?

त्याच सुमाराला चिमीच्या शाळेत नाटुकलं होतं. आईने नवा ड्रेस घालून पहिल्या रांगेत बसायचं, असा चिमीचा हुकूम. तिने निळं कापड काढलं, त्यावर जुना ड्रेस पसरला, कड आखली, सवयीने दोन-दोन बोटं वाढवली आणि कातर चालवली. शिवून अंगात घातला, तर काय! ड्रेस कुठला, तंबूच! खांद्यावरून घसरतोय, कंबरेशी पोत्यासारखा लोंबतोय.

"कापडच दगाबाज निघालं," ती पुटपुटली. "नाहीतर माझाच हात बिघडला." इतक्या वर्षांत तिचं कापणं कधी चुकलं नव्हतं. तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

नेमक्या तेव्हाच पीटीच्या बाई दारात आल्या. शाळेत पस्तीस वर्षं कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. आता गुडघा गेलेला, हातात काठी, पण आवाज अजून मैदानावरचा. आपली पँट न्यायला आल्या होत्या.

"हे काय घातलंयस? पाऊस पडला तर वर्ग भरवता येईल आत!"

"चुकलं बाई. पहिल्यांदाच चुकलं."

"माप किती धरलंस?"

"माप कुठलं! जुन्यावरनं आखलं. दोन बोटं वाढवून, नेहमीसारखं."

"का म्हणून वाढवलीस?"

वाढवायचीच असतात ना?

बाईंची नजर फळीवरच्या पुडक्यावर गेली. पुढून बुटाचं नाक दिसत होतं.

"आणि ते वर का जाऊन बसलेत? मी रोज खिडकीतून बघायचे तुला, टाकीकडे जाताना. गेले काही दिवस दिसली नाहीस."

"तुम्ही बघायचात?" ती चमकली. एवढे महिने आपल्याला कुणी बघत होतं आणि हसत नव्हतं!

"दुसरं काम काय मला? पण विषय बदलू नकोस. का थांबलीस?"

"काटा हलत नाही, बाई. महिनोन्महिने चालले. जीव काढला. लोकांचं ऐकलं. आणि वजन तिथल्या तिथे!"

"काटा, काटा, काटा!" बाईंनी काठी आपटली. "अगं, काटा म्हणजे पोस्टातला तराजू. गाठोडं किती जड ते सांगतो, आत काय आहे ते त्याला कळतं का? तू शिवणवाली ना? मग तराजूवर का उभी राहतेस? टेप लाव!"

"टेप धरायला कोण आहे इथे?" तिच्या तोंडून निघून गेलं.

बाई खुर्चीत टेकल्या. आवाज खाली आला.

"बरं. अंगाला घट्ट होणारा एखादा जुना ड्रेस आहे? जा, घालून ये."

आतल्या खोलीत तोच ड्रेस होता. टाचणी खोचलेला. ते बटण तिने पुढे झाडूने मशीनखालून काढलं होतं, पण लावलं नव्हतं. उपयोगच नव्हता ना! तिने ड्रेस चढवला. काजाची बाजू ओढून आणायला पोट आत घेतलं, पण ओढायची गरजच पडली नाही. दोन्ही कडा एकमेकींवर आल्या. वर आणखी मूठ मावेल एवढं कापड उरलं!

ती आरशासमोर तशीच उभी राहिली. मग टाचणी हातात घेऊन बाहेर आली.

"बाई... हे कसं काय?"

"कसं म्हणजे? तू चाललीस म्हणून!" बाई खुर्चीत सावरून बसल्या. "नीट ऐक. चालणारे पाय इंधन मागतात. ते रक्तातली चरबी उचलतात, पोटाच्या आत अवयवांना लपेटलेली चरबीही मागवतात. सगळ्यांत वाईट तीच, आणि चालणाऱ्याची पहिल्यांदा हलते बऱ्याचदा तीच. त्याच वेळी मांड्या, पोटऱ्या भरतात. स्नायूलाही वजन असतं बाई! इकडचं गेलं, तिकडचं आलं. काट्याला वाटलं, काहीच झालं नाही."

"मग मी बूट..."

"धुऊन फळीवर ठेवलेस. पीक यायच्या वेळेला पाणी तोडलंस! आणि हे साठवून ठेवता येत नाही, लक्षात ठेव. थांबलीस की चरबी परत आपल्या जागी येऊन बसते. उद्या उपाशीपोटी जाऊन रक्त दे. वजनाच्या काट्याकडे बघितलंस तर काठी आहे माझ्याकडे!"

दुसऱ्या दिवशी ती तपासणीला गेली. रक्त देताना तिला आई आठवत होती आणि शाळेचं फाटक.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही तपासण्या शेजारी शेजारी ठेवल्या. "ट्रायग्लिसराइड्स चांगलीच उतरलीत. चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वर आलंय. वाईट कोलेस्टेरॉल मात्र जवळपास तसंच आहे. नुसत्या चालण्याला ते दाद देत नाही, त्यासाठी ताटाकडे बघावं लागेल. गरज पडली तर गोळी देऊ. पण चालणं सोडू नका. काय केलंत एवढं?"

"मापं म्हटली," ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही.

त्या संध्याकाळी फोनवर नेहमीचा प्रश्न आला. "काटा हलला का?"

"काटा नाही हलला," ती म्हणाली. "मी हलले." आणि मग पहिल्यांदाच सांगितलं, रक्ताचं, ड्रेसचं, बाकावरच्या पोरांचं. "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं. "तू काट्याचंच विचारायचास ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

आता बूट पुन्हा दारात आहेत. इअरफोन घरी राहतात. वळणावरच्या बाकावर पीटीच्या बाई काठी आडवी टाकून बसतात. गुडघ्यामुळे त्यांना चालवत नाही, म्हणून त्या प्रत्येक फेरीला ओरडतात, "बोलून दाखव!" आणि ती धापा टाकत ओरडते, "मेडिकलवाल्याची कंबर अडतीस!" टवाळ पोरांनी बाक बदलला आहे. तरी उरलेला सगळा रस्ता ती एकटीच चालते.

वाचकहो, आपल्या घरात, आपल्या जिन्यात, आपल्या गल्लीत अशी एखादी ताई, एखादा दादा असतोच. त्यांच्या अंगाकडे बघून आपण विनोद करतो आणि ते आपल्याआधी हसतात, म्हणून आपल्याला वाटतं की त्यांना लागत नाही. ते चालायला निघाले तर आपण फक्त काट्याचं विचारतो. व्यायामाचं फळ आधी रक्तात दिसतं, कंबरेशी दिसतं, जिना चढताना दिसतं. काट्यावर ते कधी उशिरा दिसतं, कधी दिसतही नाही. म्हणून काट्यासाठी चालणं सोडू नका. आणि कुणी एकटं चालत असेल, तर त्याला हसू नका. चार पावलं बरोबर जा. तेही जमत नसेल, तर निदान बाकावर बसा.

नाटुकल्याच्या आदल्या दिवशी तिने तो निळा तंबू उसवला. टेप काढली आणि चिमीला स्टुलावर उभं केलं.

"हे टोक इथे धर. घट्ट. सोडायचं नाही हं."

चिमीने दोन्ही हातांनी टोक दाबून धरलं. जीभ दातांत, डोळे बारीक. आईने हळूच स्वतःभोवती टेप फिरवून आणली. चिमीचे छोटे गरम तळवे तिच्या कंबरेवर टेकले होते. असं कुणी तिला किती दिवसांत धरलं नव्हतं. आकडा वाचायचं ती विसरूनच गेली.

"आई," चिमीने टोक न सोडता विचारलं, "तू सगळ्यांची मापं घेतेस ना?"

"हो गं."

"मग तुझं माप इतके दिवस कुणीच कसं नाही घेतलं?"