टोक पुसायचं राहिलं

इंटरनेटची काचेची तार, केसाएवढी. टोकावर धुळीचा एक कण बसला तरी उजेड अडतो.

नियमावलीची एकशे चौदा पानं. शेवटच्या पानावर सदतीस नावं. मास्तरांचं नाही. त्यांनी तेवढं एकच पान वाचलं.

"तुमच्याच हाताखाली शिकली ना ती चिमणी? मग तोंड पाडून का बसलात?" बायको.

मंगळवारी नियमावली निघाली, तेव्हापासून चाचणीघरातला फोन वाजलेला नाही.

एकोणीस वर्षं तो वाजायचा. घरात बसणारा इंटरनेटचा डबा एका कंपनीचा, जिथून इंटरनेट येतं त्या केंद्रातलं यंत्र दुसरीचं. दोघांचं जमेल का, हे लोक चाचणीघरात फोन करून मास्तरांना विचारायचे. कुठला डबा कुठल्या यंत्रावर रुसतो, त्याची समजूत कशी काढायची, सगळं त्यांना तोंडपाठ. आता चिमणीने समितीत बसून नियमावली लिहिली होती. ती पाळणारा कुठलाही डबा कुठल्याही यंत्राशी जमवून घेणार होता. मग मास्तरांना कोण कशाला विचारतंय?

चिमणी हे नाव त्यांनीच ठेवलेलं, ती नवखी होती तेव्हा. प्रत्येक नवख्याला पहिल्या दिवशी ते एकच वाक्य सांगत: "आधी पुसायचं, मग जोडायचं."

आज नियमावलीप्रमाणे पहिली चाचणी. समितीची माणसं खुर्च्यांवर, चिमणी उभी, जोडणी मास्तरांकडे. पुसणी हाताशीच होती. ती तशीच ठेवून मास्तरांनी तारेचं टोक अंगठ्यावरून हलकेच फिरवलं आणि जोडलं.

डब्याचा दिवा लुकलुकत राहिला. स्थिर होईना. नियमांतच काहीतरी कच्चं राहिलंय, असं खुर्च्यांमधून कुणीतरी पुटपुटलं. मास्तरांच्या जिवाला गार वाटलं.

चिमणीने तार काढून टोक भिंगाखाली धरलं. टोकावर अंगठ्याचा तेलकट डाग होता. मग मास्तरांकडे पाहिलं.

"माझ्याकडून पुसायचं राहिलं," ती पाहुण्यांना म्हणाली.

तिने पुसलं, जोडलं. दिवा स्थिर झाला. टाळ्या पडल्या. मास्तरांना याचाच जास्त राग आला. मोठेपणासुद्धा तिलाच मिळाला होता.

पाहुणे चहाला गेले.

"मास्तर, चला ना."

"तू हो पुढे."

ती गेल्यावर त्यांनी पुसणी उचलली आणि टेबलावरच्या सगळ्या तारांची टोकं एकेक करून पुसली, टोपणं लावली. आज त्यांतली एकही लागणार नव्हती.

नियमावलीच्या चौथ्या पानावर पहिला नियम आहे: आधी पुसायचं, मग जोडायचं. ही भाषा नियमावलीला शोभत नाही, असं समितीने तिला तीनदा कळवलं होतं. तिने ती बदलली नाही.