मऊ चाकं

चाकातून सूं करून हवा सुटली तसा फर्डिनंड ओट्यावरून ओरडला, "दाजी, आज पन गाडीशी खेळताय? पोरीचं लगीन हाय ना?"

"खेळत नाय रे. हवा कमी करतोय. तुझ्या बहिनीला धक्के नको बसाया."

व्हॅलेरियन नवा काळा कोट सांभाळत मागच्या चाकाशी उकिडवा बसला होता. गाडी त्याची नव्हती. वालीवच्या एका शेठला त्या वर्षी बॅटरीवर चालणारी व्हॅन बनवायचं खूळ लागलं होतं, आणि व्हॅलेरियन ती रस्त्यावर फिरवून बघायच्या नोकरीला होता. धूर नाही, आवाज नाही. गावातल्या कुत्र्यांना तिच्यावर भुंकावं की नाही तेच कळत नव्हतं. मुलीच्या लग्नासाठी त्याने ती शेठकडे मागितली आणि शेठनेही दिली.

मागायला कारण होतं. विहिरीच्या काठावर घसरून क्लेमेंटीनच्या मणक्याला मार बसला, तेव्हापासून ती खाटेवरच होती. एकदा रिक्षातून तिला डॉक्टरकडे नेलं, तर तिच्या किंकाळ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या वाड्यांत ऐकू गेल्या. त्या दिवसानंतर खड्डा दिसला की व्हॅलेरियन पायी चालतानासुद्धा वळसा घ्यायचा. पण हेलनचं लग्न लागताना आईने चर्चमध्ये असायलाच हवं होतं. आणि हेलनचा हात धरून तिला वेदीपर्यंत न्यायचं काम बापाचं.

हवेची ही युक्ती तो पूर्वी केळ्यांचा टेम्पो चालवताना शिकला होता. वाडीतून स्टेशनवर घड न्यायचे तर चाकं थोडी मऊ करायची, म्हणजे केळ्यांना डाग पडत नाहीत. सगळे टेम्पोवाले तेच करायचे. व्हॅलेरियनचा माल तर व्यापारी उलटून न पाहता उचलायचे, आणि हे त्याने लग्नघरातसुद्धा दहा जणांना ऐकवलं होतं.

"मी हेलनला घेऊन टॅक्सीने पुढं होतो," फर्डिनंड म्हणाला. "पन येळेत या. फादरला पाठोपाठ दुसरं लगीन हाय."

"तू दारात उभा राहा. आलोच."

चार बायकांनी क्लेमेंटीनला गादीसकट उचलून मागे झोपवलं. लाल लुगड्यात ती किती दिवसांनी माणसात आल्यासारखी दिसत होती. गाडी हलली, पहिला खड्डा आला आणि गेला. क्लेमेंटीनने मिटलेले डोळे उघडले.

"गेला?"

"गेला!"

"अवो, पान्यावरनं चालल्यागत वाटते!"

व्हॅलेरियनला हसू आवरेना. एवढं सुख त्याला आयुष्यात फार वेळा मिळालं नव्हतं, आणि तेही त्याला नीट भोगता आलं नाही. वळणावर गाडी भलतीच एका कुशीवर कलली. स्टिअरिंग चिखलात रोवल्यासारखं जड झालं. टेम्पोत वर नुसती केळी असतात, इथे फरशीखाली शिशाच्या बॅटऱ्यांचं ओझं होतं. त्या ओझ्याखाली मऊ चाकं पार बसली होती आणि त्यांना ओढता ओढता बॅटऱ्यांचा जीव चालला होता. बॅटरीचा काटा खाली येताना त्याला दिसत होता. पण मागून बायको म्हणत होती, "काय छान हो," आणि त्याला थांबवेना.

रस्त्याखालच्या मोरीपाशी गाडी आपणहूनच थांबली. दोन्हीकडे केळीच्या बागा, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सगळं गाव चर्चला गेलेलं. एकट्याने ढकलायला ती काही हातगाडी नव्हती.

क्लेमेंटीनला लगेच कळलं. "तुमी जा. धावत गेलात तर पोचाल."

"तुला इथं टाकून?"

"मी कुठं पळून जाते? पोरगी दारात उभी आसंल. जा ना!"

तो गेला नाही. बायकोला एकटं सोडवत नव्हतं, हे खरं. पण तिला गाडीतून मानाने चर्चच्या दारात उतरवायचं, साऱ्या गावाने ते बघायचं, हे त्याने महिनाभर मनात घोळवलं होतं, हेही तितकंच खरं. चाकं कडक झाली तर उरल्यासुरल्या बॅटरीवर गाडी निघेल, म्हणून त्याने हातपंप काढला. कोटासकट तो एकेका चाकाशी वाकला आणि हवा भरू लागला. तिसऱ्या चाकाशी असताना लांबून चर्चची लग्नाची घंटा ऐकू आली. क्लेमेंटीनने कपाळाला, छातीला हात लावून क्रूसाची खूण केली आणि तोंड पलीकडे फिरवलं.

विसावा मिळाल्यावर बॅटऱ्यांत थोडी धुगधुगी आली. चाकं आता दगडासारखी होती आणि गाडी हलकी होऊन पळू लागली. प्रत्येक खड्डा थेट क्लेमेंटीनच्या पाठीत शिरत होता. तिने लुगड्याचा पदर दातांत धरला होता. व्हॅलेरियन दर खड्ड्याला "माफ कर, माफ कर" म्हणत होता आणि वेग कमी करत नव्हता.

चर्चच्या दाराशी दुसऱ्याच लग्नाची माणसं जमत होती. त्यांनी वाट दिली. घंटा वाजवणारा व्हिन्सेंट पायऱ्या उतरून आला.

"पोरगी?" व्हॅलेरियनने विचारलं.

"वरात आत्ताच गेली, खालच्या रस्त्यानं. लय वाट बघितली तिनं, दारातच उभी होती. फादरनं दोनदा बोलावलं. मग फर्डिनंडानं हात धरला."

"रडली का?"

व्हिन्सेंट घंटेकडे वळला. दुसऱ्या लग्नाचा मिस्सा, चर्चमधला विधी, सुरू व्हायचा होता. तो वर गेला.

व्हॅलेरियनने मागचं दार उघडलं. क्लेमेंटीनचं तोंड घामाने निथळत होतं. "तुला दुखू नये म्हनून..." तो म्हणाला.

तिने दातांतला पदर सोडला.

"मऊ कोनी मागितलं होतं?" ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "वरडत आले आसते. पन आले आसते."

मागून कोणीतरी गाडी बाजूला घ्यायला सांगत होतं, नवरी यायची होती. व्हॅलेरियनने काळ्या पडलेल्या हातांनी तिच्या पायांवरची चादर नीट केली आणि दार हळूच लावून घेतलं.