पुढे डबा, मागे मी

मित्रांनो, मी एक जुना ताशा आहे. अंग तांब्याचं, जन्म पुण्याचा. भोपाळच्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीत आलो तो इथल्या मराठी मंडळाचा म्हणून. चिटणीस शांताराम मला त्यांच्या घरी काचेच्या कपाटात ठेवत. गणपतीत शेगडीवर अलगद शेकत. कातडं तापून ताणलं गेलं, की माझा आवाज पार दूरच्या अशोका गार्डन वस्तीपर्यंत जायचा, असं मी तरी मानतो.

मग आला तो डबा. तेलाचा, पत्र्याचा, गंजका! रेशनचा चांगला गहू मंत्र्याची माणसं परस्पर विकतात आणि दुकानात खडे मिसळलेला येतो म्हणून सारं शहर चिडलं होतं. वसाहतीतून रोज मोर्चा निघे, आणि शेजारचे कुशवाहा डबा बडवत पुढे चालत.

एका संध्याकाळी ते दारात आले. "भाईसाहब, आपका ताशा दे दीजिए. डब्बे में दम नहीं है."

"हमको मत खींचिए," शांताराम म्हणाले. "हम तो बाहर के लोग. कल बदली हो जाएगी."

"आपल्या गव्हात खडे नसतात वाटतं?" त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई आतून म्हणाल्या. "दोन्ही मुलं इथंच जन्मली. अजून कसले बाहेरचे?"

पण कपाट उघडलं नाही.

मी आत जळत होतो. त्या बेसुऱ्या डब्यामागे पोरं धावायची, बायका त्याला कुंकू लावायच्या. ना ताल, ना ठेका! मग एके दिवशी लाठीमार झाला. कुशवाहा हात गळ्यात बांधून परतले आणि डबा पार चपटा झाला. खोटं कशाला बोलू, डब्याचं ऐकून मला बरं वाटलं. आता तरी मला बोलावतील!

थोड्याच दिवसांत मंत्र्याला खुर्ची सोडावी लागली. विजयाची मिरवणूक ठरली. शांतारामांनी आपणहून मला शेकलं, गळ्यात अडकवलं आणि आम्ही ऐटीत निघालो.

कुशवाहा हसून म्हणाले, "आइए, आइए भाईसाहब. पीछे जगह है."

पुढे तो डबा होता. चपटा, मुका, झेंडूच्या माळा घातलेला, लोकांच्या खांद्यावर. मी मागून जीव तोडून कडाडत होतो. लोक नाचत होते माझ्या ठेक्यावर आणि बघत होते त्याच्याकडे.

मित्रांनो, घरातली वाद्यं जपा, पुसा, शेका. पण दारात कोणी मागायला आलं, तर त्याच दिवशी द्या. माझ्या अंगावर अजून एक ओरखडा नाही, आणि त्या डब्याच्या प्रत्येक पोच्याचा मला हेवा वाटतो.