टोपी सोडून सगळं

“तुझी बाजू कुठली असं विचारलं, तर काय सांगशील?” साखरेचे व्यापारी नेफूसी यांनी बोहोरला विचारलं.

“कुठलीच नाही, एफेंदी.”

“शाबास. मध्यस्थ असाच लागतो.”

तुर्की सुलतानाच्या सलोनिका बंदरात सहा आठवडे ऑस्ट्रियाची जहाजं भरल्या पोटी उभी होती. ऑस्ट्रियाने सुलतानाचा बोस्निया गिळला म्हणून होडीवाल्यांनी ऑस्ट्रियाचा माल उतरवणं बंद केलं होतं. आपल्या डोक्यावरची लाल गोंडेदार टोपीसुद्धा तिकडूनच येते, हे गावाला तेव्हाच कळलं. मग रस्त्यात टोप्या फाडायची साथ आली आणि जो तो पांढरी लोकरी टोपी घालू लागला.

बोहोरचा धंदा लाल टोप्यांना पितळी साच्यावर वाफ देऊन ताठ करण्याचा. तीस वर्षं तेवढंच. पांढऱ्या टोपीला वाफ लागत नाही. व्यापाऱ्यांची आणि होडीवाल्यांची, दोन्हीकडची डोकी त्याच्या हाताखालची, म्हणून त्याची निवड झाली. शिवाय तो रिकामाच होता. माल उतरला की टोप्या उतरतील, टोप्या उतरल्या की आपली शेगडी पेटेल, एवढ्यावर तो तयार झाला.

प्रश्न होता डोक्याचा. लाल टोपी होडीवाले फाडणार, पांढरीला व्यापारी फितुरी म्हणणार, आणि बोडक्याने जाणं म्हणजे नागव्याने जाणं. शेवटी बायकोने दाढ दुखत असल्यासारखं हनुवटीपासून टाळूपर्यंत फडकं बांधून दिलं.

होडीवाल्यांचा म्होरक्या हिदायत आगा धक्क्यावर दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला होता.

“दाढ का, उस्ताद?”

“हो, आगा.”

“कुठली?”

हा विचार बोहोरने केला नव्हता. “सगळ्याच.”

आगाने खिशातून लवंग काढून दिली. पुढच्या वाटाघाटी बोहोरने लवंग चावत केल्या.

“पोरं कंटाळलीत,” आगा म्हणाला. “घरी बायका आमच्यावरच बहिष्कार टाकायला निघाल्यात. उतरवतो सगळं. पण आम्ही जिंकलो हे गावाला दिसायला नको? एक तरी माल परत गेला पाहिजे.”

“छत्र्या पाठवा.”

“छत्रीवर कोण रागावतं? टोपी जाईल. यापुढे एक पेटी उतरायची नाही.” हे बोलून झाल्यावर आगाला समोर कोण उभं आहे ते आठवलं असावं. तो समुद्राकडे बघत बसला.

व्यापारी बसले होते तो कॉफीखाना दोनशे पावलांवर. तेवढ्यात टोपीची छत्री करता आली असती. मधे त्याच्याशिवाय कोणी नव्हतं. बोहोरने दारात लवंग थुंकली आणि ऐकलं तसंच्या तसं सांगितलं.

चौघा व्यापाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. टोप्यांचा धंदा एकाचाही नव्हता.

“एवढंच?” काचवाला म्हणाला.

नेफूसींनी बोहोरला मिठी मारली. “स्वतःचं काही मधे घातलं नाहीस ना?”

“नाही.”

“म्हणूनच जमलं बघ.”

दुपारी होड्या निघाल्या. संध्याकाळी गावात साखर आली.

शुक्रवारी सकाळी हिदायत आगा दुकानात आला. बारा वर्षं नमाजाआधी टोपी ताठ करून न्यायची सवय. पाय आपोआप वळले असतील. आता परत कसं फिरायचं म्हणून त्याने डोक्यावरची पांढरी टोपी काढून पुढे केली. “हिचं काही होतं का बघ.”

काही होत नव्हतं. बोहोरने शेगडी पेटवली, टोपी साच्यावर चढवली आणि एरवी द्यायचा तेवढी वाफ दिली. लोकर आधी फुगली, मग भिजल्या पावासारखी खाली बसली.

आगाने ती घातली. कानांमागून पाणी ओघळू लागलं. आरशात त्याने बराच वेळ पाहिलं.

“बसली व्यवस्थित,” तो म्हणाला, आणि थंडीत तशीच घालून मशिदीकडे चालू लागला.