निर्दोष सुटलेला खंजीर

मी एक जुना लाकडी खंजीर आहे. हसू नका, मित्रांनो! विश्रांतवाडीच्या सीताराम सुतारांनी मला उरलेल्या सागवानातून घडवलं, कडा गोल घासल्या आणि वर चंदेरी रंग दिला. माझ्याने साधी काकडी चिरवत नाही. तरीही वाघोलीच्या कॉलेजात मी वर्षानुवर्षं नायिकेचा जीव घेत आलो आहे आणि प्रेक्षक दर वेळी डोळे पुसतात. याला म्हणतात कसब!

नाटक जुनंच. दोन घराण्यांचं वैर, त्यांच्या मुलामुलीचं चोरून लग्न, ती गेली अशी खोटी बातमी ऐकून त्याने घेतलेलं विष, आणि शेवटी मी. प्रयोग संपला की मला खोक्यात टाकतात. एकदा तर कुणीतरी माझ्याने रंगाचा डबा ढवळला. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही.

यंदा नाटकानंतर रंगमंचावरच खटला उभा राहिला. या दोघांच्या मृत्यूला जबाबदार कोण? न्यायाधीश म्हणून प्रमुख पाहुण्यांना बसवायचं, ही आमच्याकडची रीत. पाहुणे होते गावातले बागायतदार भीमराव. शाल-श्रीफळ घेऊन ते ऐटीत बसले. वकील होती याच कॉलेजात शिकणारी त्यांची धाकटी मुलगी तनुजा. थोरली नम्रता हिने लातूरहून नोकरीला आलेल्या उत्तरेश्वरशी लग्न केलं, तेव्हापासून भीमराव घरात तिचं नाव काढू देत नव्हते. अख्ख्या गावाला हे ठाऊक होतं, आमंत्रण देणाऱ्या सरांना तेवढं नव्हतं!

आधी सगळ्यांनी मलाच आरोपी केलं. मग ती जिवंत असल्याचा निरोप नायकाला वेळेत न पोचवणाऱ्याची पाळी आली. भीमराव मध्येच म्हणाले, "दोष पोरांचाच हाय. घरी विचारलं का त्यांनी?"

तनुजा त्यांच्याकडे वळली. "न्यायाधीश महोदय, विचारलं असतं तर घरचे काय म्हणाले असते?"

भीमरावांनी मला उचललं. बराच वेळ ते मला उलटसुलट करत राहिले.

"ह्यो बिचारा निर्दोष हाय," शेवटी ते म्हणाले. "पोरंबी निर्दोष. बापांनी दारं लावली, म्हणून पोरं तिथवर गेली. दोषी बापच."

टाळ्यांचा कडकडाट झाला. भरसभेत निर्दोष ठरलेला दुसरा खंजीर दाखवा मला!

भीमराव मला हातात घेऊनच खाली उतरले. "तनू, ताईचा नंबर हाय का गं? मी पुसून टाकला व्हता."

तिने फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून आवाज आला, "हॅलो, कोण बोलतंय?" भीमराव म्हणाले, "मी... अप्पा."

मित्रांनो, नाटकाच्या सामानाला अडगळ समजू नका. मला कोरड्या जागी ठेवा, रंग उडाला तर नवा द्या. आणि घरात कुणाशी अबोला धरला असेल, तर आजच बोला. माझ्या नायिका पडदा पडला की उठून चहा प्यायला जातात. सगळ्यांनाच तसं उठता येत नाही.