नाव घातलेल्या वाट्या

चर्चच्या कपाटात चांदीचा मुलामा दिलेला एक प्याला होता, भाकरीची एक ताटली, प्लास्टिकचे चाळीस चिमुकले पेले आणि स्टीलच्या अकरा वाट्या. रचनाने दोनदा मोजलं. वाट्यांवर नावं घातलेली होती, निपाणीच्या भांड्यांच्या दुकानात घालून देतात तशी. अकराही नावं युवराजअण्णांच्या घरातली.

ह्या वाट्या आपल्यामुळे आल्या, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कोरोनानंतर प्रभुभोजन, म्हणजे भाकरी-द्राक्षरस घेण्याचा विधी, पुन्हा सुरू करताना, सगळ्यांनी एकाच प्याल्यातून प्यावं का, यावर सभेत वाद झाला. रचना मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी झालेली, बेळगावात एका डेअरीच्या प्रयोगशाळेत कामाला. तिने प्याल्याच्या काठावरून कापसाचा बोळा फिरवून जंतू वाढवले आणि त्यांचा फोटो सभेत दाखवला. ते ठिपके बघून लोकांनी तोंडं वाकडी केली.

"शिकलेली पोरगी सांगतीया, ऐकाय नको व्हय?" युवराजअण्णा म्हणाले. ते तिच्या बाजूने पहिल्यांदाच बोलले होते. तिला फार बरं वाटलं. प्याला कपाटात गेला, प्लास्टिकचे पेले आले आणि दोनच महिन्यांत अण्णांच्या घरच्या वाट्या.

अण्णांचे आजोबा गावच्या पाटलांच्या घरातले, आणि रचनाच्या चुलतआजीची, नागुबाईची, आजी गावकुसाबाहेरची. दोघांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला. त्या दिवशी ह्याच प्याल्यातून ती बाई आधी प्याली आणि पाटील तिच्या मागून, त्याच काठाला ओठ लावून. भावकीने त्यांना वाळीत टाकलं, तरी पुढच्या वेळी ते पुन्हा तिच्याच मागे उभे राहिले. चर्चमध्ये लग्नं पुढेही आपापल्यातच लागली, बाकंही आपापली राहिली. प्याला तेवढा सगळ्यांचा होता.

नागुबाई आता ऐंशीच्या पुढे गेली होती. "त्या प्लास्टिकातनं औषध घेतल्यागत वाटतंय गं," ती म्हणाली. "एकदा प्याल्यातनं पिऊ द्या मला. अन् माझ्या मागनं युवराजनं प्यावं. मग मी जायाला मोकळी."

रचनाने सगळं पुन्हा तपासलं. पहिल्या वेळी तिने नुसता प्यालाच घेतला होता, तुलनेला दुसरं काहीच नाही. कॉलेजात पहिल्या वर्षाला असं केलं असतं तर सरांनी वही फेकली असती. या वेळी तिने दाराची कडीही घेतली, आणि ती अण्णांकडे गेली.

"अण्णा, माझं चुकलंच. पुसलेल्या प्याल्यापेक्षा दाराची कडी चौपट घाण निघाली."

"मग कडी पूस की."

"तसं न्हवं. प्याला परत काढूया. आज्जीची लई इच्छा हाय."

अण्णा हसले. "आधी तूच नको म्हणालीस, आता तूच पायजे म्हणतीस. तुझं सायन्स साला-सालाला बदलतंय व्हय गं?" मग आवाज उतरवून म्हणाले, "माझ्या मनात काय न्हाय बघ. पर घरात सुना आल्यात, पोरांना सवय झालीया. आपापलं असलेलं बरं असतंय."

"तुमच्या आजोबांनी तर..."

"त्यांच्या टायमाला वाट्या कुठं होत्या?"

शेवटी पाळकसाहेबांनी मार्ग काढला. ईस्टरला प्यालाही ठेवायचा आणि पेलेही. ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं.

नागुबाईला खुर्चीत बसवून आणलं. पाळकसाहेब प्याले, मग तिने दोन्ही हातांनी प्याला धरला. "दात एक बी न्हाय माझ्या तोंडात," ती म्हणाली, "जंतू कशाला धरून बसतील?" सगळे हसले, अण्णाही. पिऊन झाल्यावर तिने प्याला खुर्चीशेजारी उभ्या रचनाकडे दिला नाही. तो मांडीवर धरून ती अण्णांच्या बाकाकडे बघत राहिली.

अण्णा उठले, पुढे आले. त्यांनी वाकून नागुबाईच्या पायाला हात लावला. तिने प्याला उचलला. अण्णांचा हात अर्ध्यावर आला, तेवढ्यात मागून सुनेने वाटी पुढे केली. क्षणभर त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग ती घेतली.

"आक्का, तब्येतीला जपा," ते म्हणाले.

नागुबाईने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्याला रचनाकडे दिला. रचना प्याली. तिच्यामागून येणाऱ्यांनी पेले घेतले.

उपासना संपल्यावर रचनाने प्याला मोजपात्रात ओतला. सकाळी दोनशे मिलिलिटर द्राक्षरस घातला होता. एकशे ब्याऐंशी उरला.